उसनी ड्यूटी

सोमाजी रामटेकेचा राग ट्रकवाल्यांना आधी कळायचा. पोतं थप्पीवर ठेवायचं सोडून तो आपटायला लागला, की ट्रकचा क्लीनर गुपचूप खाली उतरून बाजूला उभा राहायचा. तोंडातून मात्र अक्षर नाही. घुग्घुसजवळच्या सिमेंट कारखान्यात तो सत्तावीस वर्षं लोडर होता. पॅकिंग मशीनमधून पन्नास किलोचं पोतं बेल्टवर पडतं, बेल्ट ते ट्रकपर्यंत आणतो, आणि तिथून पुढं माणसाची पाठ. सत्तावीस वर्षांत त्यानं पोतं फाडलं असं कोणी म्हणू शकत नव्हतं. आपटलं तरी ते सपाट बसायचं.

एका मशीनवर सहा लोडर. एक कमी असला, तर पाचांच्या कमरेवर सहाव्याचं ओझं येतं आणि तासाभरात कोणाचा तरी हात चुकतो. म्हणून कारखान्यानंच भिंतीवर पाटी लावली होती : सहा लोडर असल्याशिवाय लोडिंग सुरू करू नये. ही पाटी टोळीनं कधी मोडली नाही. पण सहा कोण, हे टोळी ठरवायची.

त्याला ते उसनी ड्यूटी म्हणत. कोणाच्या घरी मयत झाली, कोणाचं धान कापायला आलं, कोणाच्या बायकोला कळा सुरू झाल्या, की त्यानं दुसऱ्या पाळीतल्या आपल्या माणसाला फोन करायचा. तो माणूस ताटावरून उठून यायचा. का म्हणून विचारायचं नाही. नंतर त्याची गरज पडली की आपण जायचं, तेव्हाही विचारायचं नाही. हे कुठं लिहिलेलं नव्हतं आणि कोणी कधी बुडवलं नव्हतं. टोळीच्या बाहेर मात्र याचा शब्द काढायचा नाही. गेटवरचे लोक ओळखीचे होते, ते नजर फिरवायचे.

सोमाजीला या उसन्या ड्यूटीची गरज इतरांपेक्षा जास्त होती. त्याची मुलगी दिव्यानी तेवीस वर्षांची. तिला सिकलसेल. सकाळी हसत पोळ्या लाटणारी पोरगी दुपारी गुडघे पोटाशी घेऊन पडलेली असायची. हाडांत दुखणं शिरलं की तिला बोलताही यायचं नाही. मग सोमाजीनं मोटारसायकल काढायची, मध्ये दिव्यानी, मागून तिला धरून आई गिरजाबाई, आणि थेट चंद्रपूरचा दवाखाना. सलाईन, ऑक्सिजन, कधी रक्त. डॉक्टरांनी एक गोष्ट बजावून ठेवली होती : दुखणं सुरू झालं की थांबायचं नाही, जेवढा उशीर तेवढं ते चढतं. वर्षातून पाच-सहा वेळा असं व्हायचं, आणि दर वेळी सोमाजीच्या जागी नथ्थू वासेकर उभा राहायचा. नथ्थू घुग्घुसलाच राहायचा. फोन केला की दहा मिनिटांत गेटवर.

असं सगळं चाललं असताना सोमाजीनं स्वतःच्या तोंडानं घात केला.

कारखान्यात मनुष्यबळ विभागाला नवीन मॅडम आल्या, साक्षी मॅडम, नागपूरच्या. वय तिशीचं. बोलायला साध्या, कामगारांना अहो-जाहो करणाऱ्या. त्यांनी कॅन्टीनमध्ये सगळ्या टोळ्यांना बोलावलं, समोसे दिले आणि म्हणाल्या, "कंपनीला कामाच्या वेळा लवचिक करायच्या आहेत. तुमच्या अडचणी तुम्हीच सांगा."

लोडर समोसा खात राहिले. साहेब लोक अडचण विचारतात तेव्हा तोंड खाण्यात गुंतवावं, हे सगळ्यांना माहीत होतं. मॅडमनं पुन्हा विचारलं. आणि सोमाजीला काय वाटलं कोण जाणे. त्याला वाटलं, ही पोरगी आपल्याला अडाणी समजून राहिली आहे. लवचिक म्हणे! आपण हे वीस वर्षांपासून करत आहोत. तो उभा राहिला. नथ्थूनं टेबलाखालून त्याचा पाय दाबला, तरी उभा राहिला, आणि टोळीची सगळी रीत त्यानं छाती काढून सांगितली.

मॅडम लिहीत होत्या. लिहिता लिहिता त्यांचे डोळे चमकले. "किती सुंदर आहे हे," त्या म्हणाल्या. टाळ्या वाजवल्या आणि सोमाजीचा फोटो काढला.

बाहेर आल्यावर नथ्थू म्हणाला, "झालं समाधान? आता बघ कसा बाजा वाजते तं."

"काऊन? चांगलं तं बोलली ते."

"चांगलं बोलली म्हनूनच सांगून राह्यलो."

तीन महिन्यांनी गेटवर बॅनर लागला. 'आपुलकी पाळी : लवचिक वेळ, आनंदी कामगार.' त्यावर हातभर सोमाजी, दात दिसेपर्यंत हसलेला. आणि बॅनरच्या खाली चेहरा पाहून दार उघडणारं मशीन. आता ज्याची पाळी त्याच्याच चेहऱ्याला दार उघडणार. पाळी बदलायची असेल तर मोबाईलवर अर्ज करायचा, बहात्तर तास आधी, कारण देऊन. आणि अर्ज त्याचाच मंजूर होणार, ज्यानं कंपनीच्या समाजकार्यात वर्षातून दोन दिवस श्रमदान केलं आहे.

दिव्यानीनं मोबाईलवर नियम वाचून दाखवले आणि हसली. "बहात्तर तास! बाबा, माह्या दुखण्याजवळ मोबाईल नाई न जी. ते अर्ज कसा करन?"

सोमाजी हसला नाही.

पहिल्यांदा ती पडली तेव्हा त्यानं नथ्थूला फोन केला. नथ्थू आला, मशीनसमोर तोंड नेलं, मशीन लाल झालं. गेटवरचा वॉचमन, आदेश नावाचा पोरगा, म्हणाला, "भाऊ, माहा हात नाई याच्यात. मशीनच आयकत नाई." नथ्थू बॅनरकडे बघून म्हणाला, "हा हासून राह्यला बे माह्यावर," आणि परत गेला. सोमाजीची गैरहजेरी लागली. टोळीनं त्या दिवशी पाचांत ट्रक भरले. पाटी मोडून भरले, सोमाजीसाठी. टोळीतल्या चैतूची पाठ धरली ती चार दिवस सुटली नाही. दुसऱ्यांदाही तसंच झालं. तेव्हा लोडर पुरवणाऱ्या ठेकेदाराचा चंचल नावाचा सुपरवायझर टोळीसमोर येऊन म्हणाला, "सोमाजीभाऊ, आता तिसरी लागली तं गेटपास जमा करून घेईन. मंग मले बोलू नका."

घरात पगार एकट्या सोमाजीचाच होता. पास गेला की चूल गेली.

म्हणून तो श्रमदानालाही गेला. निदान अर्ज करायचा हक्क तरी राहावा. दिवाळीनंतरचा एक रविवार, टोळीच्या सुट्टीचा दिवस. कंपनीच्या बसनं सगळ्यांना पोंभुर्ण्याकडच्या एका गावी नेलं. नाल्यावर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत रेती भरून बंधारा घालायचा होता. साहेब लोकांना पिवळ्या टोप्या, कामगारांनाही पिवळ्या टोप्या. साहेबांनी तीन-तीन फावडी रेती टाकली, फोटो झाले, आणि ते मांडवात जाऊन बसले.

मग लोडर भिडले. पोतं भरणं आणि थप्पी लावणं हेच त्यांचं आयुष्य. दोन तासांत नाल्यात भिंत उभी राहिली. पोती टम्म भरलेली, एकावर एक, ट्रकात लावतात तशी रेषेत. मॅडमनं टाळ्या वाजवल्या. सोमाजीलाही बरं वाटलं.

नाल्याच्या काठावर गावातली एक म्हातारी, रुखमाबाई, शेळी धरून उभी होती. ती म्हणाली, "हे काय करून ठेवलं जी?"

"बंधारा, बाई."

"असा? पोतं येवढं गच्च भरलं तं ते दुसऱ्याले चिकटन कुठी? वरचं पोतं दोघांच्या सांध्यावर पायजे. तुमी तं सांध्यावर सांधा ठेवला. पानी मधातून निघून जाईन, तुमाले रामराम करून."

सोमाजीनं बघितलं. खरंच भिंतीच्या फटींतून पाणी झिरपायला लागलं होतं. ट्रकातलं पोतं गच्च लागतं, बंधाऱ्याचं ढिलं. ढिलं पोतं अंग टाकतं, फट बुजवतं. त्याच्या मानेपासून कानापर्यंत आग गेली. सत्तावीस वर्षं पोती उचलली आणि एका शेळीवाल्या म्हातारीनं त्याला पोतं शिकवलं, आणि ती बरोबर होती.

तो मॅडमकडे गेला. "मॅडम, हे खोलून पुन्हा करा लागते."

"भाऊ, बस चार वाजता निघणार. फोटो तर छान आले. पुढच्या वेळी दुरुस्त करू."

"पानी पुढच्या वेळेपरयंत थांबत नाई."

"मला कळतं, पण जेवण लागलंय. सगळे थकलेत."

थकलेत! कोण थकलं, असं सोमाजीनं मांडवाकडे बघून मनात म्हटलं. बस गेली. सोमाजी, नथ्थू आणि चैतू मागे राहिले. त्यांनी भिंत खोलली, प्रत्येक पोत्यातून तिसरा हिस्सा रेती काढली, सांधा मोडून पुन्हा रचली, मधून चिखल थापला. रुखमाबाईनं काठावरून हुकूम सोडले आणि शेवटी चहा पाजला. परतीला एका ट्रकवाल्याच्या पाया पडून बसले. दुसऱ्या दिवशी मोबाईलवर आलं : श्रमदान, दोन तास, धन्यवाद.

"वरचे चार तास कुठी गेले?" चैतूनं विचारलं.

"ते श्रमदान नाई," नथ्थू म्हणाला. "ते काम होतं."

जानेवारीतल्या एका थंड दिवशी, सेकंड शिफ्टला, चारच्या सुमाराला सोमाजीचा फोन वाजला. गिरजाबाई होती. "पोरगी पडली. छातीत दुखते म्हनते. लवकर या."

छाती नवीन होती. आजवर हातपाय, कंबर. सोमाजीनं हातातलं पोतं थप्पीवर ठेवलं. "आलोच," तो म्हणाला, आणि नथ्थूला फोन केला.

तो गेटवर पोचला तेव्हा नथ्थू बाहेर उभा होता, अंगात घरातलाच बनियन आणि वर स्वेटर. मधे लोखंडी फिरतं दार. सोमाजीला बाहेर पडायचं, नथ्थूला आत यायचं. एका पावलाचं अंतर. नथ्थूनं मशीनला तोंड दाखवलं. लाल. सोमाजीनं दाखवलं. लाल. पाळी संपायच्या आधी बाहेर पडायलाही मोबाईलवर मंजुरी लागत होती.

"आदेश, खोल."

"भाऊ, बाहेर सोडतो म्या तुमाले हातानं. पन तुमची गैरहजेरी लागन. तिसरी."

"मंग नथ्थूले आत घे."

"ते नाई जमत न भाऊ. माही नौकरी जाईन."

फोन पुन्हा वाजला. "निघाले का जी?"

"दोन मिनिटांत निघतो," सोमाजी म्हणाला. हे त्यानं खरं समजूनच म्हटलं.

तेवढ्यात मागून टोळीतले उरलेले पाचजण चालत आले. चैतू पुढे. पॅकिंग मशीन बंद करून आले होते. मागोमाग चंचल धावत आला. "काय लावलं? सोळा ट्रक उभे हायेत!"

"आमी पाचच हाओ," चैतू म्हणाला. "भिंतीवर सहा लिहिलं हाये. तुमचीच पाटी."

"मागे दोनदा पाचांनी भरले नाई काय?"

"तेव्हा चूक झाली. माही पाठ अजून सांगते."

रस्त्यावर हॉर्न सुरू झाले. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. गिरजाबाईचा फोन दर पाच मिनिटांनी, आणि सोमाजीचं दर वेळी एकच : आलोच. शेवटी साक्षी मॅडम आल्या, डोक्यावर हेल्मेट, हातात मोबाईल.

"सोमाजीभाऊ, काय झालं? मी आत्ता तुमचा अर्ज टाकते."

"तो तीन दिवसांनी मंजूर होईन. पोरगी आत्ता पडली हाये."

मॅडमचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "तुम्ही जा. पण नथ्थूभाऊंना मी तुमच्या नावावर आत कसं घेऊ? उद्या त्यांच्या अंगावर थप्पी पडली तर? कागदावर तुम्ही आत असाल. विम्याचा एक रुपया त्यांच्या घरी जाणार नाही. हा नियम मी तुम्हाला छळायला नाही केला."

हे खरं होतं. इतक्या वर्षांत टोळीनं याचा विचार केला नव्हता. नशीब चांगलं, कोणी दबलं नाही. पण सोमाजीचा आवाज चढला, असा की आदेश खुर्चीतून उठून उभा राहिला.

"माह्या नावावर कोन घे म्हनते? त्याले त्याचं नाव नाई काय? नथ्थू वासेकर लिहा! येताच लिहा, गेटवर, कागदावर! याले बहात्तर तास कायले पायजे?"

मॅडम थांबल्या. "ठेकेदाराची यादी... तीन दिवस आधी बंद होते. कॉम्प्युटरमध्ये."

"म्हंजे कॉम्प्युटरले सोपं जावं म्हनून?"

मॅडमनं हातातला मोबाईल खाली केला.

"आमी तुमाले आमची चांगली वस्तू दाखवली, मॅडम. तुमी ते घेतली, नाव ठेवलं, माहा फोटो लावला, अन् आमालेच बंद केली. इचारलं एकदा तरी, का नेमकं कसं करता?"

चंचल मध्ये काही बोलू लागला. मॅडमनं त्याला हातानं थांबवलं. आदेशच्या टेबलावरचं रजिस्टर ओढलं, नवीन पान काढलं आणि उभ्यानंच लिहिलं : सोमाजी रामटेके बाहेर, नथ्थू वासेकर आत, वेळ चार पंचेचाळीस. सही केली.

"माह्या नावापुढं गैरहजर नाई लिहायचं," सोमाजी म्हणाला. "बदली दिली, लिहा."

त्यांनी तसं लिहिलं. आदेशनं किल्लीनं दार फिरवलं. नथ्थू आत आला, सोमाजी बाहेर गेला. एकमेकांकडे बघायला वेळ नव्हता.

पोरगी आतापर्यंत रिक्षानंही गेली असती. पण बापानं आलोच म्हटलं होतं, म्हणून गिरजाबाई तिला पांघरुणात गुंडाळून दारात बसून राहिली होती. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "छातीत दुखत असताना इतका उशीर? अर्धा-पाऊण तास आधी आणायचं ना." रात्रभर दिव्यानीच्या नाकाला ऑक्सिजन होता. दोन बाटल्या रक्त चढलं. सकाळी तिचा श्वास जरा संथ झाला, डोळे हळदीसारखे पिवळे.

अकरा वाजता साक्षी मॅडम वॉर्डात आल्या. एकट्या, फळांची पिशवी घेऊन. फोटोवाला नव्हता. गिरजाबाईनं पिशवी घेतली नाही, नाही म्हणालीही नाही. मॅडमनं ती खाली ठेवली.

"बरी आहे का आता?"

"पाऊन तास," सोमाजी म्हणाला. "माही पोरगी दारात पडून होती. बॅनरवर हे लिहान काय तुमी?"

मॅडम तशाच उभ्या राहिल्या. सोमाजीला त्यांची कीव आली नाही. ती येऊ नये असंच त्याला वाटत होतं.

पलंगावरून दिव्यानी हळू बोलली. "मॅडम, बसा न. उभ्यानं लिहिलेला नियम कच्चा राह्यते."

मॅडम बसल्या. पर्समधून वही काढली. "सांगा. या वेळी तुम्ही सांगाल तसंच लिहिते."

सोमाजीनं सांगितलं, एक-एक वाक्य, थप्पी लावावी तसं. खालचं पक्कं बसल्याशिवाय वरचं ठेवायचं नाही. बदली गेटवरच, त्याच घडीला. येणाऱ्याचं नाव येणाऱ्याचंच. कारण विचारायचं नाही. श्रमदानाची अट नाही. मॅडमनं एका ठिकाणी 'शक्यतो' लिहिलं, तो शब्द त्यानं खोडायला लावला. त्या वाचून दाखवू लागल्या, "हा नियम पॅकिंग विभागातील सर्व लोडरांसाठी..."

"सगळ्यांसाठी," सोमाजी म्हणाला. "बेल्टखाली झाडनाऱ्या बायाही."

"त्यांचा ठेकेदार वेगळा आहे, भाऊ. मला वर विचारावं लागेल."

"त्याईची पोरं वेगळी पडतात काय?"

"मला तेवढा अधिकार नाही."

"ज्याले हाये त्याले इचारा. आत्ता. इथूनच."

मॅडमनं मोबाईलकडे बघितलं, मग पलंगाकडे. दिव्यानीनं डोळे मिटले होते. मॅडमनं नंबर लावला. तिकडून वरच्या साहेबांनी उचलला, मोठ्यानं बोलत, घाईत. मॅडम उठून बाहेर जायला लागल्या.

"इथीच बोला," सोमाजी म्हणाला, आणि दोन पलंगांच्या मधल्या वाटेत उभा राहिला.